कुसुमच्या गालावरची आजी

कुसुमच्या गालावरचा डाग गेला, त्या दिवशी आमचे आजोबा दुसऱ्यांदा विधुर झाले.

पहिल्यांदा झाले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आजी सवाष्ण गेली. सवाष्ण बाई गेली की तिला न्हाऊ घालून, हिरवं लुगडं नेसवून, कपाळभर हळदकुंकवाचा मळवट भरतात. ते काम आत्याकडे आलं. आत्या म्हणजे आजोबांची थोरली लेक, कारंज्याला दिलेली. कुंकू तिनं जरा जास्तच पातळ कालवलं होतं. ते कपाळावर थांबलं नाही. डाव्या भुवईवरून ओघळत कानाखालपर्यंत गेलं आणि आजीचा डावा गाल लाल झाला. पुसायचं कसं? सवाष्णीचं कुंकू पुसत नाहीत. तशीच नेली.

पुढच्या वर्षी माझी बहीण जन्मली. कपाळाच्या डाव्या बाजूपासून कानाखालपर्यंत तिचा चेहरा लाल होता.

सुईण म्हणाली, "रक्त साकळलं असन. चार दिवसांत उतरन."

चार दिवसांत उतरलं नाही. पाचव्या दिवशी आत्या आली, पाळण्यात डोकावली आणि तिच्या हातातलं झबलं खाली पडलं.

"माय," ती बाळाला म्हणाली, "आली काय वं परत?"

बाळानं जांभई दिली. (आमच्या घरात हा होकार समजण्यात आला.)

बारशाला नाव ठेवलं कुसुम. शाळेच्या दाखल्याखेरीज ते फारसं कुठं वापरलं गेलं नाही. आत्या तिला 'माय' म्हणायची, आमच्या गावातली, रोहण्यातली माणसं 'आजी' म्हणायची. आजोबा तिला कशानंच हाक मारत नसत. जुन्या रीतीप्रमाणे त्यांनी आजीलाही कधी नावानं बोलावलं नव्हतं. 'ऐकलं काय' एवढंच म्हणत. तेच 'ऐकलं काय' आता पाळण्याकडे तोंड करून सुरू झालं.

"ऐकलं काय? वावरात तूर पेरून राह्यलो औंदा."

पाळण्यातून आवाज आला नाही की ते समाधानानं मान हलवत. आजी नापसंत असली की गप्प बसत नसे.

आजीला तंबाखूचा वास खपत नसे. ती असताना आजोबांची डबी गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीत लपलेली असे. ती गेल्यावरचं एक वर्ष आजोबांनी दुःखात आणि तंबाखूत काढलं. कुसुमचा चेहरा पाहिला त्याच संध्याकाळी डबी पुन्हा गंजीत गेली. पंचावन्न वर्षांचा धिप्पाड माणूस दहा दिवसांच्या पोरीसमोरून जाताना तोंडावर उपरणं धरायचा.

पण सगळ्यांत बिकट अवस्था आईची. पोटची पोर हीच तिची सासू. कुसुम तीन वर्षांची असताना तिनं दुधाचं भांडं लवंडलं. आईनं धपाटा घालायला हात उचलला आणि दारातून आत्याचा आवाज आला, "सासूवर हात उचलतं काय वं?"

आईचा हात वरच्या वर राहिला. मग तो वाया जाऊ नये म्हणून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. (धपाटा मला मिळाला. मी शेजारीच होतो.)

इथवर सारं घरातल्या घरात होतं. गावात पसरलं ते माझ्यामुळे.

आजीचा एक पितळी अडकित्ता होता, मोराच्या आकाराचा. अकरा वर्षांचा असताना मी त्यानं चिंचोके फोडायला गेलो आणि मोराची मान वाकवली. घाबरून तो कडब्याच्या गंजीत खांद्यापर्यंत हात घालून खुपसून ठेवला. घरभर शोध सुरू झाला. तीन दिवस मी गप्प राहिलो. चौथ्या दिवशी कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून चार वर्षांच्या कुसुमला सांगितलं आणि वर बजावलं, "कोनाले सांगजो नको."

जेवणं चालू होती. कुसुम भाकरीचा तुकडा चघळत म्हणाली, "अडकित्ता गंजीत हाय."

आत्या तेव्हा माहेरी आलेली होती, हे माझं दुर्दैव. तिनं स्वतः जाऊन गंजी उपसली. अडकित्ता निघाला. ती तो दोन्ही हातांत धरून आली, तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मान वाकली हाय याची," वडील म्हणाले.

"मायच्या हातात जोर होता," आत्या म्हणाली.

 आजोबा फक्त माझ्याकडे पाहत होते. मला वाटलं, ते भारावले आहेत.

त्यानंतर लोक येऊ लागले. कुणाची गाय हरवली, कुणाचा विळा. कुसुम जिकडे तिचं लक्ष असेल तिकडे बोट करायची. गाय बहुतेक तिकडेच सापडायची. (रोहण्याची गाय जाऊन जाऊन जाणार कुठं?) रोज ठरवायचो, उद्या खरं सांगून टाकू. पण धर्म एकदा स्थापन झाला की संस्थापकाला बाहेर पडता येत नाही.

कुसुम मोठी झाली. डागही तिच्याबरोबर वाढला आणि गडद झाला. ती आरशात बघायची नाही. वेणी घालतानासुद्धा भिंतीकडे तोंड करून घालायची. एकोणिसाव्या वर्षी तिला बघायला आर्वीहून एक मुलगा आला, पोस्टात कारकून. सोबत त्याची आई. डाग बघून आई जरा चुळबुळली, तशी आत्या पुढं सरसावली.

"डाग नोहे हा, बाई. आमची माय होय."

पुढं अर्धा तास आत्यानं सगळं सविस्तर सांगितलं. मळवट, झबलं, अडकित्ता. मुलाची आई ऐकता ऐकता सरळ होऊन बसली. मग उठली, डोक्यावर पदर घेतला आणि कुसुमच्या पाया पडली. तिच्यामागून मुलगाही पडला. मग दोघं पोह्यांना हात न लावता निघून गेले. जिच्या पाया पडलो तिच्याशी लग्न कसं करायचं, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

दुसऱ्या दिवशी कुसुम विहिरीवर बशा धूत होती. मी सुट्टीवर आलो होतो. आर्वीला शाळेत मराठी शिकवायला लागून मला तीन वर्षं झाली होती.

"दादा," ती मान वर न करता म्हणाली, "मी कोन हाय?"

मला बी.ए.ला तत्त्वज्ञान होतं. मी एक बशी उचलून पुसायला घेतली.

"आत्याले मी माय. आबाजीले मी आजी. आईसमोर गेली तं आई पदर घेते. माह्या जागी बसलेली थे बुढी उठल्याबिगर मी बसू कुठी?"

आर्वीच्या वाचनालयात मी मासिकांचे अंक चाळायचो. त्याच महिन्यात एका अंकात लेसर नावाच्या किरणांवर लेख आला होता. चामडीखालच्या फुगलेल्या रक्तवाहिन्यांमुळे जन्मतः लाल डाग असतो, आणि हे किरण त्या वाहिन्या बंद करू शकतात, असं त्यात लिहिलं होतं. मी तो लेख वहीत उतरवून घेतला आणि नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्याला पत्र टाकलं. उत्तर आलं: यंत्र डोळ्यांच्या विभागाचं आहे, पण बुधवारी दुपारी ते चामडीच्या डॉक्टरांना मिळतं. घेऊन या.

आजोबांना कसं सांगायचं? आम्ही सांगितलं, दाढ दाखवायला जातो.

"डाव्या बाजूची?" आजोबांनी विचारलं.

"हो."

"थे पयलेपासूनच दुखत होती तिची," आजोबा म्हणाले.

कुसुम माझ्याकडे बघत राहिली. तिची एकही दाढ आजवर दुखली नव्हती.

आत्यापासून मात्र लपलं नाही. "मायले एकली कशी धाडू?" म्हणून ती एस.टी.त येऊन बसलीच. विरोध करायला आली की सोबतीला, हे तिचं तिलाही ठरवता आलं नसावं.

डॉक्टर शांत, चष्म्याचे, हळू बोलणारे होते. त्यांनी सांगितलं की हा प्रकाश चामडीतून सरळ आत जातो, तिला फारसं काही करत नाही. त्याला फक्त लाल रंग दिसतो. लाल सापडलं की तिथं थांबतो आणि जाळतो. आधी नखाएवढ्या जागेवर करून पाहायचं, तीन महिने थांबायचं, बरं वाटलं तर पुढचं.

"फक्त लालच जायते?" आत्यानं विचारलं.

"फक्त लाल."

 आत्याच्या कपाळावर आठाण्याएवढं कुंकू होतं. तिनं खोलीच्या दारापासून दोन पावलं मागं घेतली.

मग नर्स आली आणि कुसुमला म्हणाली, "ते कुंकू पुसून घ्या. यंत्र लाल रंगच शोधतं."

"पुसायचं नाई," आत्या म्हणाली.

"का?"

"तिचा नवरा जिवंत हाय."

नर्सनं हातातला कागद पाहिला. "इथं अविवाहित लिहिलंय."

"थे यंदाचं. मी मागचं सांगून राह्यली."

नर्सनं कागद पुन्हा पाहिला. मागचं असं त्यात काही नव्हतं. "हिचं वय वीस. नवऱ्याचं?"

"पंच्याहत्तर," आत्या म्हणाली. "घरी हाय. दम्यानं बेजार हाय बिचारा. इथं हिचं कुंकू पुसलं अन् तिथं त्याले काही झालं तं तुमी भरून देसान काय?"

नर्सनं माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेला दिसत होतो. मी खाली पाहिलं. तिनं डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि कुंकवावर पांढऱ्या कापडाची घडी चिकटवली. पुसलं नाही, झाकलं. आत्याचं समाधान झालं. (मला अजूनही वाटतं, त्या दवाखान्यात शहाणा माणूस तो एकच होता.)

खोलीतले एक सोडून बाकी दिवे मालवले. कुसुमचे डोळे झाकले होते. मला एक जाड नारिंगी काचांचा चष्मा दिला आणि कोपऱ्यात उभं केलं. मी चष्मा लावला, कुसुमकडे पाहिलं, आणि डाग नव्हता.

यंत्र अजून सुरू झालं नव्हतं. नारिंगी काचेतून लाल रंग वेगळा दिसत नाही, एवढंच त्याचं कारण. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण वीस वर्षांत पहिल्यांदाच मी माझ्या बहिणीचा चेहरा डागाशिवाय पाहत होतो, आणि तो चेहरा कुसुमचा नव्हता. मिटलेले डोळे, जरासं उघडं तोंड. मी सहा वर्षांचा असताना, मळवट भरण्याआधी दारातून पाहिलेला चेहरा होता तो. मी चष्मा काढला. कुसुम. पुन्हा लावला. आजी. नर्स म्हणाली, "अहो, चष्म्याशी खेळू नका."

नातीचा तोंडवळा आजीवर जातो. मी ते वर्गात मुलांना शिकवलंही असतं. तरी उरलेला वेळ मी छताकडे पाहिलं. केस जळल्यासारखा वास आला, यंत्र टिकटिकलं आणि संपलं.

खपली धरली, पडली. तीन महिन्यांनी कुसुमच्या कानाखाली, लाल डागाच्या अगदी कडेला, पांढरा स्वच्छ लंबगोल दिसू लागला. डॉक्टरांनी मुद्दाम ती जागा निवडली होती. वाईट दिसलं तरी केसांखाली झाकेल म्हणून. मी खूश होतो. विज्ञान जिंकत होतं.

आत्या कारंज्याहून आली. तिनं कुसुमचे केस बाजूला केले.

"इथंच," ती म्हणाली.

"इथंच काय, आत्या?"

"मायचं तोंड उघडं राहून राह्यलं होतं. कुंकू लावता लावता मी हनुवटी धरली, असी. माहा अंगठा इथं, कानाखाली. हात काढला तं तेवढ्या जागचं कुंकू माह्या अंगठ्याले लागून आलं." तिनं आपला अंगठा हळूच पांढऱ्या लंबगोलावर टेकवला. तो बरोबर बसला. "वीस वरसं झाली, मी कोनालेच सांगितलं नाई. तुमच्या डाक्टराले कोनं सांगितलं?"

 डॉक्टरांना कुणी सांगितलं नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं.

आठ दिवसांत गावात बातमी पसरली की नागपूरच्या डॉक्टरांनी यंत्र लावून तपासलं आणि आजीच आहे हे सिद्ध केलं. आता लोक कोसांवरून येऊ लागले. कानाखाली बोट लावून जात. आजोबांनी तंबाखूची डबी गंजीतून काढून थेट गोठ्याच्या आढ्यावर नेऊन ठेवली. डाग घालवायला म्हणून मी बहिणीला घेऊन गेलो होतो, आणि आणलं ते शिक्कामोर्तब करून.

कुसुम रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "उरलेलं करतीन काय थे?"

"करतील. पण आजोबा..."

"आबाजीले तू सांगजो. मले तं थे काही बोलूच देत नाई. मी तोंड उघडलं का मान खाली घालतेत."

म्हणून एका सकाळी मी आजोबांसमोर बसलो आणि सोळा वर्षांनी अडकित्त्याची कबुली दिली. चिंचोके, वाकलेली मान, गंजी, कुसुमच्या कानात सांगितलेलं, सगळं. शेवटी म्हणालो, "आबाजी, ती आजी नाही. तिला मीच सांगितलं होतं."

आजोबा बराच वेळ बाजेचा सुंभ चाचपत राहिले.

"मले माहीत हाय," ते म्हणाले.

"काय?"

"तू ठेवला त्याच दिवशी मले सापडला थो. डबी काढाले हात घातला, तं हातात मोर आला. तुह्या बंडीची गुंडी तिथंच पडली होती."

मी थक्क झालो. "मग बोलले काऊन नाही?"

"कोनाले बोलू? माहा हात गंजीत कायले गेलता, थे सांगा लागलं असतं ना."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"अन् दुसरं असं, बापा," ते म्हणाले, "बुढी गेली, तवा मी एक वरीस तंबाखू खाल्ला. कोनी काही म्हटलं नाई. समोर बसून खाल्ला तरी कोनी काही म्हटलं नाई. लय खराब लागते थे. मंग ही पोट्टी आली. मले डबी लपवाले मिळाली." त्यांनी सुंभ सोडून दिला. "ने तिले नागपूरले. तिचं वय हाय. मीच बसवून ठेवलं तिले."

पाच खेपा झाल्या. आत्या एकाही खेपेला आली नाही. शेवटची खपली पडली त्या दिवशी कुसुम अंगणात आली. गाल फिकट झाला होता. जवळून पाहिलं तर जरा चकचकीत, एवढंच. ती आजोबांसमोर उभी राहिली. त्यांनी तिच्याकडे खूप वेळ पाहिलं. ते काय शोधत होते, ते मला नारिंगी चष्म्यामुळे माहीत होतं. त्यांना ते दिसलं की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

"कुसुम," ते म्हणाले, "पानी आन वं बाई."

घरात सगळे जागच्या जागी थांबले. कुसुम पाणी घेऊन आली. आजोबांनी कमरेची डबी काढली, तिच्यादेखत चुना लावला, तंबाखू मळला आणि गालात धरला. कुसुम काहीच म्हणाली नाही. म्हणायचं तिला सुचलंच नाही. आजोबांनी थोडी वाट पाहिली. मग मान हलवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गणपत न्हाव्याला बोलावलं आणि डोकं, मिशी, सगळं काढायला सांगितलं.

गणपतनं वस्तरा थांबवला. "कोन गेलं, आबाजी?"

"बायको."

"थे तं वीस वरसापयले गेलती ना?"

"तवा अर्धीच गेलती," आजोबा म्हणाले. "चालव."

ते पुढं चार वर्षं जगले. तंबाखू उघड खात, पण पूर्वीइतका नाही.

पोस्टातला तो कारकून परत आला आणि कुसुमशी त्याचं लग्न झालं. "पयल्याच भेटीत यायनं माह्या पायाले हात लावला," ती आयुष्यभर सगळ्यांना सांगायची, "मंग पुढं वर मान करतेत कुठी?" आर्वीला तिचा संसार झाला. घरात मोठा आरसा होता.

दोन वर्षांपूर्वी कुसुम गेली. सवाष्ण गेली. मळवट तिच्या जावेनं भरला, कपाळापुरता, अगदी नेटका. एक थेंब ओघळला नाही. गाल स्वच्छ होता. मी, एकतीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस, उशाशी बसलो होतो. बाया पाणी आणायला गेल्या तेवढ्यात मी कुंकवाच्या करंड्यात अंगठा बुडवला आणि तिच्या डाव्या कानाखाली टेकवला.

त्यानंतर घरात दोन बाळं झाली, एक कुसुमच्या मुलीचं आणि मग एक माझ्या मुलाचं. दोन्ही वेळा मी आधी डावा कान उलटून पाहिला. दुसऱ्या वेळी सुनेनं विचारलं, "बाबा, काय पाहता?" म्हटलं, कान टोचायची जागा पाहतो.

दोघांचेही गाल कोरे आहेत.